जुना ट्रॅक्टर आणि फेऱ्यांचा बिनतारी काटा
— ऊस विकास अधिकारी



ऊस वजनकाट्यावर उभा राहिला की आपला डोळा काट्यावरून हलत नाही. किलोकिलोचा हिशेब आपण ठेवतो, आणि ठेवलाच पाहिजे. पण त्याच उसाच्या खोडव्यात पाचटाची कुट्टी चालू असताना, "इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या किती?" असे विचारले, तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते, "आवाजावरून कळतं की!" आवाजावरून कळते ते अंदाजाने. आणि अंदाजाचे काम डिझेलला, पात्यांना आणि खोडव्याला महाग पडते.

आपल्यापैकी कित्येकांच्या दारात वडिलांनी घेतलेला ट्रॅक्टर आजही उभा आहे. एच.एम.टी.ने १९७१ साली पिंजोर येथे झेटर जातीचे ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली. पंजाब ट्रॅक्टर्सचा स्वराज ७२४ हा १९७४ साली आला. मॅसी फर्ग्युसन, इंटरनॅशनल यांची जुनी मॉडेलेही अजून कामावर दिसतात. इंजिन खणखणीत असते, मालकाचा जीव त्यात अडकलेला असतो. पण डॅशबोर्डवरचा फेऱ्यांचा काटा मात्र शून्यावर निजलेला! त्या काळच्या पुष्कळ ट्रॅक्टरांत हा काटा इंजिनाकडून येणाऱ्या लवचीक केबलवर फिरत असे. केबल तुटली, आतला छोटा गिअर झिजला, की काटा बंद. त्याबरोबर तासांचा आकडाही बंद, म्हणजे ऑइल कधी बदलायचे याचाही अंदाजच.

५४० फेऱ्यांचे महत्त्व

ट्रॅक्टरच्या मागचा सहा खाचांचा पी.टी.ओ. शाफ्ट मिनिटाला ५४० फेऱ्या फिरावा, अशी जगभर रीत आहे. कुट्टी यंत्र, रोटाव्हेटर, ब्लोअरचा फवारणी पंप यांपैकी बहुतेक अवजारे याच वेगासाठी बनवलेली असतात. पण शाफ्टला ५४० फेऱ्या मिळण्यासाठी इंजिनाच्या किती हव्यात, हे प्रत्येक ट्रॅक्टरचे वेगळे असते. तो आकडा माहितीपुस्तकात दिलेला असतो.

समजा, तुमच्या ट्रॅक्टरला इंजिनाच्या १,५०० फेऱ्यांवर ५४० मिळतात. ड्रायव्हरने डिझेल वाचवायचे म्हणून इंजिन १,२०० वर ठेवले, तर शाफ्टला ४३२ च फेऱ्या मिळाल्या. वेग घटला वीस टक्के. पण पात्याच्या माऱ्याची ताकद वेगाच्या वर्गाने बदलते, म्हणून ती घटली ३६ टक्के. मग पाचट नीट तुटत नाही, लांब लांब राहते, कुजायला वेळ घेते, आणि शेवटी कोणीतरी म्हणतो, "त्यापेक्षा काडी लावलेली बरी." पाचट जाळणे म्हणजे जमिनीच्या तोंडचा घास काढून घेणे, हे आपण गटागटांत सांगत आलो आहोत. जाळायची वेळ येण्यामागे कधी कधी हा बंद पडलेला काटाही असतो.

उलट, इंजिन १,८०० वर नेले तर शाफ्ट ६४८ वर जातो. पात्यांवर आणि बोल्टांवर बाहेर फेकणारा ताण ४४ टक्क्यांनी वाढतो. पाते निसटून उडाले तर नुकसान पैशाचेच होईल असे नाही.

बिनतारी काटा कसा चालतो?

आता तुम्ही म्हणाल, जुन्या मॉडेलचा मूळ काटा आणि केबल मिळत नाही, मग करायचे काय? त्यावर सोयीचा उपाय म्हणजे बिनतारी काटा. याचे तीन भाग. क्रँक पुलीवर बसवायचा छोटा लोहचुंबक. त्याच्या समोर, थोडे अंतर सोडून बसवायचा सेन्सर. आणि चालकासमोरचा काटा. पुलीची एक फेरी झाली की चुंबक सेन्सरसमोरून एकदा जातो आणि एक ठोका पडतो. सेन्सरला जोडलेली लहान डबी हे ठोके रेडिओ लहरींनी काट्याकडे पाठवते. डबी स्वतःच्या सेलवर चालते. मोबाईलची रेंज नसली तरी काम अडत नाही, कारण संदेश इंजिनापासून सीटपर्यंतच जायचा असतो.

घेताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. बाजारात स्वस्त मीटर मिळतात, त्यांची वायर स्पार्क प्लगच्या तारेला गुंडाळायची असते. ते मोटारसायकलला, पेट्रोलच्या जुन्या जीपला ठीक. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लगच नसतो, तर ठोका येणार कुठून? तसेच इंजिनाच्या थरथरीवर चालणारे काही मीटर फक्त तास मोजतात, फेऱ्या सांगत नाहीत. दुकानदाराला स्पष्ट विचारा, "डिझेलला चालतो का? फेऱ्या दाखवतो का?"

बसवताना

इंजिन बंद, चावी काढलेली, बॅटरीची एक तार सोडलेली, अशा स्थितीतच हात घाला. पुलीवरचे ग्रीस रॉकेल किंवा पेट्रोलने पुसून पूर्ण सुकू द्या, मगच चुंबक चिकटवा; इंजिन तापलेले असताना हे करू नका. बेल्ट जिथे घासतो ती जागा टाळा. चिकटपदार्थ पूर्ण वाळेपर्यंत, घाई असली तरी, इंजिन सुरू करू नका. सेन्सर आणि चुंबक यांतले अंतर कंपनीने सांगितले तेवढेच ठेवा; पुली हाताने पूर्ण फिरवून कुठे घासत नाही ना ते पाहा. पाठवणारी डबी सायलेन्सरपासून लांब ठेवा, आणि चारी बाजूंनी पत्र्यात कोंडू नका. पत्रा रेडिओ लहरी अडवतो.

मूळ डॅशबोर्डला भोक पाडू नका. नवा काटा क्लॅम्पने बसवता येतो आणि जुना त्याच्या जागी राहू शकतो. पुढेमागे मूळ केबल मिळाली तर ट्रॅक्टर होता तसा करता येईल. जुन्या गाडीची शान तिच्या मूळ रूपात असते.

नव्या काट्यात "एका फेरीला एक ठोका" ही नोंद करावी लागते. ती चुकली तर काटा दुप्पट किंवा निम्मे दाखवेल. म्हणून फिटरकडच्या प्रकाशाने फेऱ्या मोजणाऱ्या मीटरने एकदा पडताळून घ्या. वजनकाटा तपासून घेतो, तसेच हे.

काट्याकडे पाहून काय करायचे?

काम सुरू करण्यापूर्वी पुस्तकातला आकडा काट्याच्या काचेवर रंगाने खूण करून ठेवा. अवजार जमिनीला टेकले की फेऱ्या थोड्या उतरतात; ते गव्हर्नरच्या स्वभावातच आहे. भार पडल्यावर काटा खुणेवर राहील असा हॅन्ड थ्रॉटल लावा. फेऱ्या खूपच खाली बसल्या, काळा धूर आला, तर थ्रॉटल ओढत बसू नका. खालचा गिअर टाका. चाकांचा वेग कमी होईल, पण पी.टी.ओ.च्या फेऱ्या टिकतील.

रिकामी ट्रॉली नेताना मात्र उलटे. तिथे ५४० ची गरज नाही. वरचा गिअर, कमी फेऱ्या; डिझेल वाचते. डिझेल वाचवायची जागा रस्त्यावर आहे, कुट्टी यंत्रावर नाही.

आणि एक सांगणे. काटा नवा लागला म्हणून पी.टी.ओ.वरचे संरक्षक कव्हर काढलेले चालेल असे नाही. मिनिटाला ५४० म्हणजे सेकंदाला नऊ फेऱ्या. उपरण्याचे किंवा पदराचे टोक त्यात गेले, तर सोडवायला माणसाला वेळच मिळत नाही. कव्हर नसेल तर आधी ते बसवा, काटा त्यानंतर.

ज्यांना आपल्या ट्रॅक्टरचा आकडा सापडत नसेल, त्यांनी मॉडेलचे नाव लिहून गट कार्यालयात द्यावे. मिळवून देण्याचा प्रयत्न करू. खोडव्याची कुट्टी सुरू होण्याच्या आत एवढे केलेत, तर यंदा पाचट शेतातच राहील आणि ट्रॅक्टरही धडधाकट राहील.

कळावे.