सड्यावरची चित्रे आणि उसातले दगड



शिक्षक-प्रशिक्षणाच्या एका अभ्यासक्रमासाठी मी सध्या सहा आठवडे सिंगापूरला आले आहे. राहण्याची सोय पासिर रिस या भागात झाली आहे. मेट्रोच्या पूर्वेकडील मार्गाचे हे शेवटचे स्थानक. मलय भाषेत ‘पासिर’ म्हणजे वाळू. नावाप्रमाणे येथे वाळूचा किनारा आहे. किनाऱ्याला लागून 1989 साली खुले झालेले मोठे उद्यान आहे आणि त्यात सुमारे सहा हेक्टर खारफुटीचे जंगल राखून ठेवले आहे. फळ्यांच्या वाटेवरून चालताना खाली चिखलात खेकडे दिसतात आणि समोर पाण्यापलीकडे पुलाऊ उबिन हे बेट दिसते. ग्रॅनाइटच्या खाणींसाठी ते एके काळी प्रसिद्ध होते.

गेल्या रविवारी आमच्या वर्गातले सात-आठ शिक्षक या वाटेने फिरायला निघालो. त्यांत इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या एक बाई होत्या. आपल्या गावाजवळच्या डार्टमूर नावाच्या माळाबद्दल त्या सांगू लागल्या. तेथे मैलोगणती झाड नाही. गुडघ्याइतकी हेदरची झुडपे, आणि उन्हाळा सरता सरता त्यांवर जांभळी फुले येतात. त्या माळावर मेरिव्हेल नावाच्या ठिकाणी ब्राँझ युगातल्या माणसांनी उभ्या केलेल्या दगडांच्या लांब रांगा आहेत. बाई लहानपणी वडिलांचा हात धरून त्या दगडांमधून चालल्या होत्या.

मग त्यांनी प्रत्येकाला विचारले, “तुमच्या देशात असे काही आहे का?”

माझी पाळी आली तेव्हा मी म्हटले, “नाही. आमच्या बेटावर असे काही असूच शकत नाही.” उत्तर इतिहासाला धरून होते. मॉरिशसवर डच लोकांनी 1638 साली पहिली वसाहत केली. त्याआधी तेथे माणसाची वस्तीच नव्हती, डोडो पक्ष्याचे राज्य होते. आपले पूर्वज तर त्यानंतर दोनशे वर्षांनी, 1834 पासून सुरू झालेल्या गिरमिटाच्या काळात आले. जेथे माणूसच नव्हता तेथे प्राचीन दगड कोण उभे करणार?

उत्तर बरोबर होते, तरी खोलीवर परतल्यावर मला ते अर्धवट वाटू लागले. कारण 2023 सालच्या ऑगस्ट महिन्यात, शाळेच्या सुट्टीत, मी स्वतः अशाच एका माळावरून चालून आले होते. तो माळ रत्नागिरी जिल्ह्यातला होता. आज त्याचीच हकीकत सांगते.

आमच्या घरी पणजोबांच्या वडिलांच्या नोंदीची एक नक्कल आहे. त्यांचे नाव, वय, उंची, जहाज. जिल्हा रत्नागिरी, हे स्पष्ट वाचता येते. गावाचे नाव मात्र लिहिणाऱ्याने कानाला ऐकू आले तसे लिहिले आहे. रत्नागिरीत मी चार जाणत्या माणसांना तो कागद दाखवला. चौघांनी चार गावे सांगितली. मी खिन्न झालेली पाहून त्यांतले एक गृहस्थ म्हणाले, “गाव सापडेल तेव्हा सापडेल. आलाच आहात तर सडा पाहून जा. गाव कुठलंही असो, तुमची माणसं सड्यावरून चालली असणारच.”

‘सडा’ म्हटले की आपल्याला दारापुढे शिंपायचे शेणपाणी आठवते. कोकणात सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचे सपाट पठार. ते जांभा दगडाचे असते, तांबूस-काळे आणि सच्छिद्र. माती इतकी थोडी की मोठे झाड तग धरत नाही. उन्हाळ्यात तो रखरखीत, तव्यासारखा तापलेला असतो. पावसाळ्यात मात्र तेथे हिरवी चादर पसरते आणि सप्टेंबरपर्यंत एकामागून एक फुलांचे रंग येत राहतात. मी पाहिला तेव्हा निळ्या-जांभळ्या इवल्या फुलांचे पट्टेच्या पट्टे पसरले होते. या फुलाला ‘सीतेची आसवे’ म्हणतात. नाव नाजूक असले तरी वनस्पती मोठी हुशार आहे. कातळावर अन्न कमी, म्हणून पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून ती आपले पोषण करते.

राजापूर तालुक्यात समुद्राजवळ कशेळी गाव आहे. तेथील कनकादित्याचे, म्हणजे सूर्याचे, मंदिर प्रसिद्ध आहे. देवदर्शन करून मी गावातल्या एका वयस्क शेतकरीकाकांबरोबर सड्यावर गेले. हातात त्यांनी एक खराटा घेतला होता. तो कशाला, हे मला आधी कळले नाही. पाऊस नुकताच थांबला होता. वारा असा होता की छत्री उघडण्याची सोय नव्हती. बरेच चालल्यावर काका थांबले आणि म्हणाले, “ताई, चपला काढा. आलो आपण.”

मला काहीच दिसेना. कातळ, शेवाळ, थोडे गवत आणि पाण्याने भरलेल्या काही रेघा. काकांनी खराट्याने पाणी सारायला सुरुवात केली.

“उभं राहून न्हाय दिसायचा,” ते म्हणाले. “कडेकडेनं चाला.”

मी एका रेघेच्या कडेने चालू लागले. रेघ वळली, पुढे गेली, पुन्हा वळली. पाय झाला, पोट झाले, सोंड झाली. तो हत्ती होता! सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद. त्याच्या अंगात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले, त्यांत समुद्रातली पाकटसुद्धा. आपल्या शाळेतले दोन वर्ग शेजारी शेजारी ठेवले तरी हा हत्ती त्यांत मावायचा नाही.

काका सांगू लागले, “लहानपणी आमी गुरं घेऊन हितं यायचो. रेघांत पाणी साचायचं, गुरं ते प्यायची. हत्ती हाय, हे कुणाला ठावक?”

या चित्रांना ‘कातळशिल्पे’ म्हणतात. काही गावांना आपापल्या सड्यावरची चित्रे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. सिंधुदुर्गात कुडोपीच्या सड्याला लोक ‘बाहुल्यांचे टेंब’ म्हणत. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळ असलेल्या चौकोनी चित्राला गावकरी पवित्र मानतात. परंतु पुष्कळ चित्रे माती-गवताखाली निजून होती. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि प्रा. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गेल्या दहा-बारा वर्षांत गावोगाव फिरून शोध घेतला. गुराख्यांना आणि वृद्धांना विचारत, सडे पायी तुडवत त्यांनी शेकडो चित्रे उजेडात आणली. आज सत्तरहून अधिक ठिकाणी मिळून दीड हजारांवर चित्रांची नोंद झाली आहे.

ही चित्रे नेमकी किती जुनी, यावर अभ्यासकांचे एकमत झालेले नाही. काही जण ती दहा-बारा हजार वर्षांपूर्वीची मानतात. शेतीची चित्रे त्यांत जवळजवळ नाहीत. प्राणी, मासे, माणसे आणि अर्थ न लागणाऱ्या आकृती आहेत. एकशिंगी गेंडासुद्धा आहे. आज कोकणात गेंडा औषधालाही सापडत नाही. म्हणजे ज्यांनी तो कोरला त्यांचे कोकण वेगळे होते.

डेव्हनच्या बाईंसारखे उभे दगडच पाहायचे असतील, तर महाराष्ट्रातच विदर्भात जावे. नागपूरजवळ जुनापाणी येथे मोठ्या दगडांची सुमारे तीनशे वर्तुळे आहेत. ती लोहयुगातल्या लोकांची दफनस्थाने. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात त्यांतली काही उकरून पाहिली, तेव्हा लोखंडी हत्यारे आणि मातीची भांडी निघाली. उभा दगड लांबून दिसतो, म्हणून त्याची दखल लवकर घेतली जाते. सड्यावरचे चित्र आडवे असते. ज्याला ठाऊक नाही तो त्यावर पाय देऊन पुढे जातो.

म्हणूनच त्याला धोका अधिक. जांभा दगडाचे चिरे घरबांधणीला लागतात, त्यासाठी खाणी निघतात. रस्ते होतात. सड्याची जमीन सरकारी कागदावर पडीक म्हणून नोंदलेली, त्यामुळे तेथे काहीही करायला हरकत नाही असे वाटते. बारसूच्या सड्यावर मोठा तेलशुद्धीकरण कारखाना आणण्याचा बेत निघाला, तेव्हा 2023 साली गावकऱ्यांनी जोराचा विरोध केला. त्या वादात कातळशिल्पांचे काय होणार, हाही प्रश्न होता. कारण त्याआधीच, 2022 साली, युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातली नऊ ठिकाणे आली होती. रत्नागिरीतली सात, सिंधुदुर्गातले कुडोपी आणि गोव्यातले फणसामाळ. बारसू आणि कशेळी त्या सातांत आहेत. आपला आप्रवासी घाट 2006 साली जागतिक वारसा झाला. त्या यादीत नाव येण्याचे मोल आपल्याला कुणी सांगायला नको.

हत्तीभोवती फेरी पुरी झाल्यावर आम्ही कातळावर बसलो. मी काकांना आमच्या कागदाची गोष्ट सांगितली.

ते म्हणाले, “गावाचं नाव ऱ्हाऊ द्या. कुलदैवत कंचं तुमचं? ते सांगा, गाव काढू.”

मी गप्प झाले. आमच्या घरी गणपती बसतो. लग्नात देवक ठेवतात. गोंधळ होतो. आजी देवापुढे दिवा लावताना एक नाव पुटपुटत असे, शेवटी ‘आई’ म्हणत असे. ते नाव मी हजारदा ऐकले असेन, पण एकदाही विचारले नाही. आजी 2009 साली गेली. वडिलांना विचारले तर म्हणाले, “तिलाच ठाऊक होतं.” तीस वर्षे मुलांना शिकवण्याची उमेद धरून मी शिक्षिका झाले, आणि माझ्याच घरातला धडा मी घेतला नव्हता.

काकांनी दोष दिला नाही. “बघू, सापडंल,” एवढेच म्हणाले आणि पुन्हा खराटा उचलला. पाऊस येण्याआधी सोंडेतली माती काढायची राहिली होती.

ही सारी हकीकत मी सोमवारी वर्गात सांगितली. तेव्हा सिंगापूरच्या एका शिक्षकांनी मला येथल्या राष्ट्रीय संग्रहालयात नेऊन एक दगड दाखवला. सिंगापूर नदीच्या मुखाशी पूर्वी सुमारे तीन मीटर उंचीचा एक शिलालेख होता, त्यावर पन्नासएक ओळी कोरलेल्या होत्या. 1843 साली इंग्रजांनी तेथील जागा मोकळी करण्यासाठी तो सुरुंगाने उडवून दिला. थोडे तुकडे वाचले. त्यांतला एक येथे काचेमागे आहे. त्यावरची लिपी आजपर्यंत कुणाला निश्चितपणे वाचता आलेली नाही, आणि उरलेल्या ओळीच नाहीत तर वाचणार तरी काय? त्याच 1843 साली, बंदी उठल्यानंतर, हिंदुस्थानातल्या मजुरांची जहाजे पुन्हा आपल्या बेटाकडे मोठ्या संख्येने येऊ लागली होती. माझ्या कागदावरचे न लागणारे गावाचे नाव मला त्या काचेपुढे आठवले.

डेव्हनच्या बाईंना मी आता पुरे उत्तर दिले आहे. मी म्हटले, “आमच्या बेटावरही रचलेले दगड आहेत. ते फक्त प्राचीन नाहीत.” तुम्ही सर्वांनी ते पाहिले आहेत. उसाच्या शेतांत काळ्या दगडांचे मोठाले ढीग असतात, काही तर पायऱ्यापायऱ्यांचे, देवळाच्या चौथऱ्यासारखे. ज्वालामुखीच्या त्या जमिनीत दगडच दगड. ऊस लावण्यासाठी शेतातला एकेक दगड उचलून तो कुणी रचला? गिरमिटवाल्या हातांनी. आजी नदीवरच्या धुण्याच्या दगडाला ‘कातळ’ म्हणे. सड्यावर काकांच्या तोंडी तोच शब्द ऐकला तेव्हा तो कुठून आला ते मला कळले.

हे ढीगही आता कमी होत आहेत. यंत्राने ऊस तोडायचा तर शेत मोकळे हवे, म्हणून पुष्कळ ढीग हलवले गेले. त्याला माझी तक्रार नाही, शेतकऱ्यालाही जगायचे आहे. परंतु जो ढीग हलणार आहे त्याचे एक छायाचित्र घ्यावे, त्या शेताचे नाव लिहावे आणि तेथे कोण राबले ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारावे.

आणि त्याच वेळी आणखी दोन प्रश्न विचारावेत: आपले कुलदैवत कोणते आणि गावाचे नाव तुम्ही कसे उच्चारता? उत्तर देवनागरीत, जसे ऐकू येईल तसे लिहून ठेवावे. ज्यांच्या घरी आजी-आजोबा अजून आहेत त्यांनी हे या गणपतीपर्यंत लांबवू नये, येत्या रविवारीच करावे.

मी परतल्यावर माझ्या सहावीच्या वर्गाला हाच गृहपाठ देणार आहे. काकांचा पत्ता मी जपून ठेवला आहे. कुणाच्या घरी एखादे नाव निघाले, तर ते मी त्यांना पाठवीन.