पद्मिनीचं मिक्श्चर: स्क्रूला हात सगळ्यात शेवटी

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ साली गेली, पण कुर्ल्याला बनलेल्या या गाड्या अजून काही घरांनी जिवापाड जपल्या आहेत. तिच्या कार्बोरेटरचं मिक्श्चर, म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण, आपल्याला घरीही जुळवता येतं.

आधी प्लग, पॉइंट, टायमिंग आणि एअर फिल्टर तपासून घ्या. कार्बोरेटरखालचं गॅस्केट फाटलं असेल तर तिथून जादा हवा आत शिरते आणि इंजिन अडखळतं. असा दोष स्क्रू फिरवून झाकता येतो, पण जात नाही. बहुतेकांची चूक इथेच होते.

मग गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून इंजिन तापवा आणि मोकळ्या हवेत उभी करा. बंद गॅरेजमध्ये धुराने जीव जाऊ शकतो. चोकची मूठ आत ढकलली तरी केबल अडकलेली असू शकते. म्हणून कार्बोरेटरवरचा चोकचा दांडा पूर्ण मागे आला आहे ना, हे डोळ्यांनी पाहा.

आता दोन स्क्रू ओळखा. ॲक्सिलरेटरच्या दांड्याला टेकलेला स्क्रू आयडलिंगचा, म्हणजे उभ्या गाडीतल्या इंजिनच्या वेगाचा. खाली, बुडाशी स्प्रिंग घातलेला आहे तो मिक्श्चरचा. त्याचं टोक सुईसारखं निमुळतं असतं.

इंजिन बंद ठेवून मिक्श्चरचा स्क्रू हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवा. टेकला की थांबा. आवळलात तर टोकावर खाच पडते आणि पुढे तो कधीच नीट जुळत नाही. तिथून दीड फेरा बाहेर घ्या.

इंजिन सुरू करा. पाव-पाव फेरा आत न्या आणि दर वेळी दहा सेकंद ऐका. पेट्रोल कमी पडलं की इंजिन धडपडू लागतं. तसंच बाहेर घेत गेलात तर आवाज जड होतो, सायलेन्सरमधून पेट्रोलचा वास येतो. या दोन्हींच्या मध्ये इंजिन सर्वांत वेगाने आणि एकसारखं फिरतं, ती आपली जागा. वेग जास्त वाटला तर दुसऱ्या स्क्रूने उतरवा, मग मिक्श्चर पुन्हा एकदा ऐकून पाहा.

हा स्क्रू मुख्यतः आयडलिंगपुरता आहे. धावत्या गाडीचं पेट्रोल मेन जेट ठरवतो. ॲव्हरेज घसरलं असेल तर जेट आणि फ्लोट तपासून घ्या.