मालवणच्या वाळूंतील वस्ती

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्गाकडे निघालेल्या होडींतील उतारूंची दृष्टि किल्ल्याच्या तटावर खिळलेली असते, आणि तें साहजिकच आहे. १६६४ सालीं शिवछत्रपतींनीं ज्याचा पाया घातला तो तट पाहण्यासाठींच बहुतेक मंडळी तेथें येतात. परंतु त्याच परिसरांत, अवघ्या तीनचार पुरुष पाण्याखालीं, एक दुसरी वस्ती आहे. १९८७ सालीं येथील समुद्राचा कांहीं भाग अभयारण्य म्हणून जाहीर झाला, तो तिच्या रक्षणासाठीं.

पावसाळ्यांत येथील पाणी खवळलेलें व गढूळ असतें; बुडी मारावयाची ती नंतरच्या महिन्यांत. पाठीवर हवेची टांकी व पायांत रबरी पंखे बांधून मनुष्य तळाशीं पोंचला, कीं प्रथम त्याची निराशाच होते. करडी वाळू, मधूनमधून कातळ, आणि सर्वांवर निळसर छाया. कारण सूर्यप्रकाशांतील तांबडा रंग पाण्यांत सर्वांआधीं विरतो. मात्र तोच मनुष्य घटकाभर स्तब्ध राहिला, तर ओसाड वाटणारी वाळू हलूं लागते.

उष्ण समुद्रांतील अशा वाळूंत एक बिऱ्हाड मोठें मौजेचें आढळतें. कोळंबीचा एक भाईबंद अखंड बीळ उकरीत असतो. त्याची दृष्टि अधू. म्हणून तो आपली लांब मिशी दाराशीं बसलेल्या बोटाएवढ्या माशाच्या अंगाला लावून ठेवतो. हा मासा खाडींतल्या निवटीच्या नात्यांतला. संकट दिसतांच तो शेपटी फडफडवितो, आणि दोघेही बिळांत गडप होतात. घर एकाचें, पहारा दुसऱ्याचा!

कातळावरील गोल घुमट हे प्रवाळ होत. अंगठींतलें लाल पोवळें तें हें नव्हे. जुन्या पुस्तकांत ह्या जीवांना प्रवाळकीटक म्हटलें आहे, पण कीटकांशीं त्यांचें कांहींच नातें नाहीं. समुद्रफुलें हीं त्यांचीं खरीं आप्त. वाळू सरकती असल्यामुळें प्रवाळाचें पिल्लू तींत मूळ धरूं शकत नाहीं, त्याला खडकच लागतो. त्याच्या देहांत सूक्ष्म शैवाल राहतें, तें सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतें, आणि त्यांतील मोठा वाटा यजमानास मिळतो. पाणी नेहमींच्या उन्हाळ्याहून अंशभर अधिक तापून कांहीं आठवडे तसेंच राहिलें, तर हें शैवाल निघून जातें व प्रवाळ पांढरें पडतें. १९९८ व २०१६ सालीं जगांतील अनेक समुद्रांत हा प्रकार घडला.

तें संकट दूरचें; पायाखालचें निराळेंच. घुमटाकृति प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतें. म्हणजे वीतभर उंचीला वीस वर्षें लागतात, आणि तेवढें मोडावयास नवख्याची एक लाथ किंवा होडीचा नांगर पुरे. शिवाय पंख्यांच्या फटकाऱ्यानें उडालेला गाळ प्रवाळावर बसला, तर तो झाडण्यांत त्या जीवाची शक्ति खर्च होते व शैवालाचा प्रकाश अडतो. यास्तव नांगर मोकळ्या वाळूंत टाकावा, आणि बुडी मारणाऱ्यानें पाय तळापासून हातभर वर ठेवून आडवें तरंगावें. गाळ उडाला नाहीं, तर बिळांत दडलेला तो पहारेकरी थोड्याच वेळांत पुन्हां दाराशीं येऊन बसतो.