गाळाखालचे शिवार

मंद्रूपच्या शेतकऱ्याला गाळाचे महत्त्व सांगायला नको. उन्हाळ्यात तलावातला गाळ आणून हलक्या रानात पसरला, की पीक जोमाने येते. तेव्हा गाळाने जीव मरतात असे कोणी म्हटले, तर तुम्हांला नवल वाटेल. पण खाडीच्या आणि समुद्राच्या तळाशीही एक शिवार असते, आणि फार गाळ पडला तर ते ओस पडते. कसे, ते पाहू.

तळाच्या वाळूत-चिखलात शिंपले, खेकडे आणि नाना तऱ्हेचे कृमी राहतात. त्यांतले पुष्कळसे जागा सोडून फारसे हलत नाहीत. तिसरीचेच घ्या. हा शिंपला वाळूत रुतून बसतो आणि दोन नळ्या वर काढतो. एका नळीने पाणी आत घ्यायचे, दुसरीने बाहेर सोडायचे. आत कल्ल्यांची चाळणी असते. तिच्यावर अन्नाचे कण अडकतात आणि श्वासही तिच्यातूनच चालतो. पाण्यात बारीक माती वाढली, की ही चाळणी बुजते. मासा पोहून दुसरीकडे जाईल; तिसरीने कुठे जावे? शिवाय तिची पिले आधी पाण्यात तरंगतात आणि मग तळाशी येऊन बसतात. तिथे सैल गाळाचा थर असेल, तर ती गाडली जातात. म्हणजे माती विषारीच असायला हवी असे नाही. गुदमरवायला ती पुरेशी आहे.

गोव्यात हे घडले आहे. तिथे एक टन लोहखनिज काढायचे, तर साधारण अडीच ते तीन टन माती-दगड उपसून बाजूला टाकावे लागत. या ढिगांवरची तांबडी माती पावसाळ्यात ओढ्यांतून मांडवी आणि झुआरी नद्यांत उतरे. त्याच नद्यांतून बार्ज खनिज घेऊन मुरगाव बंदराकडे जात. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पारुळेकर, अन्सारी आणि इंगोले या शास्त्रज्ञांनी १९८६ साली आपली पाहणी प्रसिद्ध केली. पाण्यातले तरंगते कण तिपटीने वाढले होते, प्राणवायू घटला होता, शिंपल्यांचे उत्पन्न ७० टक्क्यांहून अधिक खाली आले होते. मूळचे जीव जवळजवळ नाहीसे झाले आणि त्यांच्या जागी मोजक्या सोशिक जाती आल्या.

ओहोटीला तिसऱ्या-खुबे वेचून घर चालवणाऱ्यांचे यात काय झाले असेल, हे निराळे सांगायला नको. तळाचे जीव खाऊन जगणारे मासेही मग कमी होतात.

२०१२ साली गोव्यातल्या खाणी थांबल्या. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून खाणकामाला वाट दिली. पण तळाच्या जिवाला खनिज किती निघाले याच्याशी कर्तव्य नाही. माती किती आली, एवढेच त्याला कळते. म्हणून ढिगांभोवती बांध हवेत, उतारावर झाडोरा हवा, आणि पाणी नदीत सोडण्याआधी गाळ बसवण्याची तळी हवीत. पाणलोटाच्या कामात बांध घालणाऱ्या तुम्हां मंडळींना हे काही नवे नाही.

समुद्र आपल्यापासून लांब आहे, हे खरे. पण हत्तरसंग कुडलला सीना भीमेला मिळते, भीमा पुढे कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. शिवाय भीमेच्या वाळूतही शिंपले राहतात. पाणी ओसरले, की काठाशी बसून पाहा. जिवंत शिंपला सापडला तर बरे. नुसता काळा, कुजका वास येणारा चिखल आणि त्यात तांबडे बारीक किडे दिसले, तर तळाशी प्राणवायू संपत आला आहे असे समजा, आणि वरून काय येते आहे याची चौकशी करा.