औषध स्वस्त झाले, सल्ल्याचे काय?

इमॅटिनिब या कर्करोगावरील औषधाच्या विशिष्ट स्फटिकरूपासाठी नोव्हार्टिस कंपनीने मागितलेले पेटंट सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नाकारले, तेव्हा त्या निकालाचे देशात मोठे स्वागत झाले. कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये, तर भारतीय कारखान्यांतील त्याच औषधाचा सुमारे ८ हजार रुपये, असा तो फरक होता. स्वागत योग्यच होते. परंतु औषध परवडणे आणि उपचार अचूक होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. या औषधाने ज्यांचे आयुष्य वाढते, त्या ‘जिस्ट’ नामक अर्बुदाच्या रुग्णांच्या बाबतीत हा भेद विशेष जाणवतो.

हे अर्बुद बहुधा जठराच्या किंवा लहान आतड्याच्या भिंतीत उद्भवते. दर १० लाख लोकांमागे वर्षाला साधारणतः १० ते १५ जणांना ते होते. नेहमीच्या केमोथेरपीला ते दाद देत नसे. १९९८ साली हिरोता व त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी या रोगाच्या मुळाशी ‘किट’ जनुकातील बिघाड असल्याचे दाखविले. २००० साली हेलसिंकी येथे एका रुग्ण स्त्रीला इमॅटिनिब देण्यात आले व तिची गाठ झपाट्याने आकसली. २००२ साली अमेरिकेने या रोगासाठी औषधाला मान्यता दिली.

तथापि गोळी हाती आल्याने डॉक्टरांपुढील प्रश्न संपत नाहीत. बिघाड जनुकाच्या कोणत्या भागात आहे यावर मात्रा ठरते. रोग पसरलेल्या काही रुग्णांना नेहमीच्या ४०० मिलिग्रॅमऐवजी ८०० मिलिग्रॅमचा विचार करावा लागतो. तर एका विशिष्ट बिघाडात हे औषध जवळजवळ निरुपयोगी ठरते. उपचार लागू पडत असतानाही स्कॅनमध्ये गाठ कधी कधी मोठी दिसते, आणि अनभिज्ञ डॉक्टर गुणकारी औषधच बंद करण्याचा संभव असतो. शस्त्रक्रियेनंतर औषध किती काळ द्यावे, हाही प्रश्न तितकाच मोलाचा. पुन्हा रोग उद्भवण्याचा धोका अधिक असलेल्या रुग्णांवर स्कँडिनेव्हिया व जर्मनीत झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, तीन वर्षे औषध घेणाऱ्यांपैकी ९२ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात होते. एकच वर्ष घेणाऱ्यांपैकी ८२ टक्के.

बाजारपेठ लहान असेल तर विशेषीकरण वाढत नाही, हा अर्थशास्त्राचा जुना सिद्धांत येथे लागू पडतो. १० लाख वस्तीच्या शहरात वर्षाकाठी दहा-पंधरा रुग्ण निघणार आणि तेही अनेक डॉक्टरांत विभागले जाणार. अशा स्थितीत जिल्ह्याच्या ठिकाणी या रोगाचा अनुभवी तज्ज्ञ घडावा तरी कसा? त्याला दोष देणे व्यर्थ आहे. साहजिकच रुग्ण परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरतो. मग प्रवास, मुक्काम व बुडालेली मजुरी यांत औषधावर वाचलेला पैसा खर्ची पडतो.

वस्तुतः प्रवास रुग्णाने नव्हे, ज्ञानाने करावयास हवा. वाटल्याने ज्ञान घटत नाही. म्हणूनच त्याची तरतूद सार्वजनिक खर्चाने करणे न्याय्य ठरते. २०१२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्याने हीच दिशा धरली आहे. समान उपचारपद्धती निश्चित करणे आणि दूरच्या डॉक्टरांना तज्ज्ञांसमोर दूरदृश्य पद्धतीने आपला रुग्ण मांडता येणे, ही त्याची महत्त्वाची अंगे होत.

मात्र सल्ल्याला वेळ लागतो आणि वेळेला किंमत असते. ती तज्ज्ञांच्या सौजन्यावर सोडून भागणार नाही. जनुक-तपासणी व तज्ज्ञांचा सल्ला यांचा खर्च शासकीय विमा योजनांनी औषधाच्या खर्चाचाच भाग मानला पाहिजे. तपासणी बहुधा एकदाच करावी लागते, गोळी मात्र वर्षानुवर्षे घ्यावी लागते. चुकीची गोळी आठ हजारांची असली तरी ती महागच होय.