नाशिकच्या उपाध्यांचे दिल्लीतले दप्तर
परराष्ट्रखाते, राजदूत, सल्लागार हे शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी नाशिकच्या हिंगणे घराण्याने दिल्लीत हेच काम केले. महादेवभट हिंगणे हे मूळचे नाशिकचे क्षेत्रोपाध्ये. 1719 मध्ये पेशवे बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून परतले, पण महादेवभट मोगल दरबारी मराठ्यांचे वकील म्हणून तिथेच राहिले. त्यांच्यानंतर बापूजी, दामोदर, पुरुषोत्तम आणि देवराव या मुलांनी वकिली सांभाळली.

वकिलाची पत्रे हेच पेशव्यांचे दिल्लीतले डोळे. वजीर कोणाच्या बाजूला झुकतो, अब्दाली कुठवर आला, बादशहाकडून येणे किती थकले, हे सारे मोडीत लिहून पुण्याला जाई. मजकूर पोहोचायला बरेच दिवस लागत. तोवर दरबाराचा रंग बदललेला असे. म्हणून वकिलाला पुष्कळदा स्वतःच्या जबाबदारीवर निर्णय घ्यावा लागे, आणि मला तर त्यांचे खरे कर्तृत्व इथेच दिसते. त्यात दिल्लीतले मराठा सरदार अंताजी माणकेश्वर यांच्याशी हिंगण्यांचे वैर. दिल्लीतूनच परस्परांविरुद्ध तक्रारी येत, आणि खरे काय ते पेशव्यांनी पुण्यात बसून ठरवायचे!

या घराण्याचा वाडा निफाड तालुक्यात, गोदाकाठच्या चांदोरीला आहे. त्यांची पत्रे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने ‘हिंगणे दप्तर’ या नावाने छापली आहेत.