किलिमांजारोचा बर्फ आणि खालचं पाणी

किलिमांजारो करून आलेल्या ट्रेकर्सच्या गप्पांत, शाळेतल्या पर्यावरणाच्या व्याख्यानांत, रविवारच्या पुरवण्यांत एक वाक्य हमखास भेटतं : ‘गरमी वाढली, माथ्यावरचा बर्फ वितळतोय, तो संपला की खालच्या गावांचं पाणी तुटणार.’ यातलं बर्फ आटतोय एवढंच नि:संशय खरं. १९१२ साली माथ्यावर सुमारे १२ चौरस किलोमीटर बर्फ होता. २०११ मध्ये पावणेदोन उरला होता. बाकीचं वाक्य किती वेळा दुरुस्त करायचं?

टांझानियातला हा पर्वत विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम तीन अंशांवर आहे, पण उंची ५,८९५ मीटर. पायथ्याच्या मोशी शहरात लोक घामाघूम असतात तेव्हाही माथ्यावरची हवा शून्याखाली असते. वर्षाची सरासरी उणे ७ अंशांच्या आसपास. नुसत्या हवेच्या उबेनं तिथला बर्फ पाघळत नाही. इन्सब्रुकचे हिमनदीतज्ज्ञ गेऑर्ग कासर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हे सविस्तर मांडलं. १८८०च्या सुमारास पूर्व आफ्रिकेची हवा एकदम कोरडी झाली, ढग आणि हिमवर्षाव कमी झाले. ताजा पांढरा बर्फ ऊन परतवून लावतो. तो पडेनासा झाला की खालचा जुना, मळकट बर्फ ऊन शोषून घेतो. कोरड्या हवेत त्यातल्या बऱ्याचशा बर्फाचं पाणी न होता थेट वाफ होते, म्हणजे शाळेत शिकलेलं संप्लवन.

माथ्यावरच्या हिमक्षेत्रांच्या कडा पाहिल्या की हे लख्ख कळतं. त्या उतरत्या नसतात. करवतीनं कापल्यासारख्या ताठ उभ्या भिंती असतात. नवं हिम त्यांच्यावर टिकत नाही, ऊन मात्र थेट लागतं आणि हवा गोठणबिंदूखाली असतानाही त्या भिंती वितळतात. त्या फक्त मागेच सरकू शकतात.

यावरून ‘मग तापमानवाढ थोतांडच’ म्हणणाऱ्यांचा मला जास्त राग येतो. जगभरच्या हिमनद्या तापमानवाढीनं मागे हटताहेत, त्याचे पुरावे भक्कम आहेत. इथेही माथ्यावरचा ओलावा हिंदी महासागरावरच्या वाऱ्यांवर अवलंबून असतो आणि तो समुद्र तापतो आहे. कारणांची साखळी लांब आहे, एवढंच. ‘२०२०पर्यंत बर्फ संपेल’ हे भाकीतही खरं ठरलं नाही. युनेस्कोच्या २०२२च्या अहवालात २०५०पर्यंतची मुदत आहे.

आता पाणी. दक्षिण उतारावर मारांगू, माचामे भागात चागा शेतकरी पिढ्यानपिढ्या ओढ्यांतून पाट काढून केळी आणि कॉफी पिकवतात. ते ओढे हिमनदीतून येत नाहीत. माथ्यावर वर्षाला २०० मिलिमीटरही पाणी पडत नाही आणि तिथल्या बर्फातलाही बराचसा हवेत उडून जातो. दोन-सव्वादोन हजार मीटरवरच्या जंगलपट्ट्यात मात्र अडीच ते तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. त्याच्या वर धुकं अडवणारी झाडं असतात. फांद्यांवरच्या शेवाळातून थेंब थेंब निथळून तेही पाणी जमिनीत मुरतं. जवळपास सगळं पाणी या रानाचं. वनस्पती-अभ्यासक आंद्रेआस हेंप यांनी दाखवलंय की वारंवारच्या वणव्यांनी इथली वृक्षरेषा खाली सरकली, म्हणजे धुकं पकडणारं रानच घटलं. १९७३ साली राष्ट्रीय उद्यान झालं ते या पट्ट्याच्या वरचं. जंगल त्यात आलं २००५ मध्ये. ऑक्टोबर २०२०मध्ये वरच्या उतारांवर मोठी आग लागली. पाण्याची काळजी असेल तर त्या बातमीनं झोप उडायला हवी होती.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. हत्तींमागे किलिमांजारो दिसणारे फोटो बहुधा केनियातल्या अंबोसेलीतले असतात; शिखर टांझानियातच आहे. व्हिक्टोरिया राणीनं जर्मन सम्राटाला तो भेट दिल्याची गोष्ट खोटी. सीमा १८८६च्या करारानं ठरली. हा मृत ज्वालामुखीही नव्हे : किबो या त्याच्या मुख्य शंकूच्या विवरातून आजही वायू बाहेर पडतात.

आणि ‘दोर लागत नाही, म्हणजे सोपं’ हे तर धोक्याचं. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. सह्याद्रीत कितीही पायपीट केलेली असली तरी शरीराला त्या हवेची सवय आपोआप होत नाही; चढाईला दिवस वाढवून घ्यावेत आणि डोकेदुखीबरोबर उलट्या किंवा तोल जाणं सुरू झालं तर त्याच क्षणी खाली उतरावं.